टेश्केंच्या घरावर न चढलेला बोजा

शुक्रवारी संध्याकाळी श्टाइनबाखमध्ये शहाणा माणूस घरी चूल पेटवत नाही. चर्चच्या तळघरात लांब टेबलं मांडलेली असतात, तळलेला मासा, बटाट्याचं सॅलड आणि राईच्या पावाचा एक तुकडा मिळतो, आणि वर दुसऱ्यांच्या घरातल्या भानगडी फुकट मिळतात. व्हर्नन टेश्केच्या सगळ्या कटकटीची सुरुवात याच टेबलावर झाली. मासा त्या दिवशी जरा तेलकटच होता, पण दोष माशाचा नव्हता. दोष शेजारच्या ड्वेन क्नूट्सनचा होता.

"एल्रॉयच्या घराचं कळलं का?" ड्वेन तोंडात घास असताना म्हणाला. त्याला रिकाम्या तोंडानं बोलताना कुणी पाहिलेलं नाही.

"काय झालं त्याच्या घराला?" व्हर्ननने विचारलं.

"गेलं. चार वर्षं शुश्रूषागृहात पडून होता ना? आधी त्याची स्वतःची पुंजी संपली, मग मेडिकेड योजनेतून सरकारनं पैसे भरले. नोव्हेंबरात एल्रॉय गेला, डिसेंबरात पोरांना पत्र. जेवढा खर्च झाला तेवढा बोजा घरावर. आता पोरं घर विकतायत."

व्हर्ननचा काटा हवेतच राहिला. आता हा व्हर्नन म्हणजे कोण, तर एकतीस वर्षं गावचा बांधकाम निरीक्षक. गावातली एकही पायरी, एकही कठडा, एकही धुराडं असं नाही, ज्याला या माणसाने टेप लावली नाही. पाद्रीबुवांच्या घराच्या पायऱ्या अर्ध्या इंचासाठी नापास करणारा माणूस हा! पाद्रीबुवा नवे होते, बिचारे म्हणाले, "देव चालवून घेईल." व्हर्नन म्हणाला, "देव घेईल, नगरपालिका नाही घेणार." आणि पायऱ्या पाडायला लावल्या.

त्याचं स्वतःचं घर त्याने आणि त्याच्या बायकोने, आर्डिसने, अकरा उन्हाळे खपून बांधलं होतं. विटा तो लावायचा, चुना आर्डिस कालवायची. आर्डिसला जाऊन तीन वर्षं झाली. घर मात्र तिथंच, मेपलच्या झाडाखाली, एक भेग नाही. ते घर त्याची एकुलती एक मुलगी मार्लिस हिला मिळायला हवं, सरकारला नाही, एवढी एकच गोष्ट त्या संध्याकाळपासून व्हर्ननच्या डोक्यात बसली.

"एक कागद करून टाकतो," तो घरी येऊन मार्लिसला म्हणाला. "आठवड्याभराचं काम."

मार्लिस भांडी पुसत होती. ती एकोणपन्नास वर्षांची, शांत बाई. तिने फक्त "बरं, डॅड" म्हटलं आणि ताट जागेवर ठेवलं.

आठवड्याभराचं काम! असो.

पहिला कागद म्हणजे विमा. म्हातारपणी अंथरुणाला खिळलात तर शुश्रूषेचा खर्च विमा कंपनी करणार, म्हणजे मेडिकेडकडे जायला नको, म्हणजे घरावर बोजा नको. इतकं सरळ गणित असताना एल्रॉयने ते का केलं नाही, याचं व्हर्ननला आश्चर्य वाटत होतं. त्याने कंपनीला फोन लावला. फोनवरच्या मुलीने वय विचारलं. "चौऱ्याहत्तर," व्हर्नन म्हणाला. मग ती मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, की आमची नर्स घरी येऊन तुमची तपासणी करील.

तपासणी! एकतीस वर्षं गावाची तपासणी करणाऱ्याची तपासणी! व्हर्ननला हे शब्द जिव्हारी लागले, पण घराचा प्रश्न होता म्हणून त्याने गिळले.

बातमी गल्लीत पसरायला दुपार लागली नाही. ड्वेन धावत आला. त्याची अशीच तपासणी दोन वर्षांपूर्वी झाली होती, त्यामुळे तो स्वतःला या विषयातला तज्ज्ञ समजत होता.

"ऐक. ती दहा शब्द सांगते. मग इकडचं तिकडचं बोलत बसते. आणि एकदम विचारते, 'सांगा ते दहा शब्द.' मी फसलो तिथंच. पण मला ते शब्द आज पाठ आहेत. लिहून घे."

"हे लबाडीचं नाही का?"

"तू पास व्हायला बसलायस की स्वर्गात जायला?"

व्हर्ननने लिहून घेतले. सफरचंद, शिडी, टपाल, कोंबडी, साबण, पूल, बूच, घंटा, लोणी, चुलता. चार दिवस तो बर्फ उपसताना, दाढी करताना, चर्चमध्ये भजन चालू असताना हेच दहा शब्द पुटपुटत होता. पाद्रीबुवांना वाटलं, माणूस भक्तीला लागला.

समोरच्या घरातली लव्हर्न शिंकेल नूडल्स आणि ट्यूना भाजलेलं मोठं भांडं घेऊन आली. कुणाकडे आजारपण असो, मयत असो की तपासणी, लव्हर्न हेच भांडं घेऊन येते. तिने ते टेबलावर ठेवलं आणि व्हर्ननकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

"व्हर्न, नर्सला खरं ते सांग."

"मी कधी खोटं बोललोय?"

लव्हर्नने मार्लिसकडे बघितलं आणि भांड्यावरचं झाकण नीट बसवलं. बायकांचं हे असं असतं, असं व्हर्ननला वाटलं, आणि तो पुन्हा कोंबडी-साबण-पूल करायला लागला.

नर्स डोलोरेस युर्गेन्स जानेवारीतल्या मंगळवारी आली. आल्याबरोबर तिने दारात बूट काढून ठेवले आणि जाड लोकरी मोज्यांवर स्वयंपाकघरात येऊन बसली. बाई ऐसपैस होती, पण पेन मात्र भराभर चालवायची.

"आंघोळ कोण घालतं?"

"घालतं म्हणजे? मी करतो!"

"कपडे?"

"मी."

"स्वयंपाक?"

"मीच."

त्याच वेळी मार्लिस ओव्हनमधून लव्हर्नचं भांडं बाहेर काढत होती. नर्सने तिच्याकडे पाहिलं. "या कोण?"

"माझी मुलगी," व्हर्नन आवाज खाली आणून म्हणाला, पण स्वयंपाकघर ते केवढं! "घटस्फोट झाला बिचारीचा. जायला जागा नव्हती. मी ठेवून घेतलं. बाप आहे ना."

ओव्हनचं दार जरा जोरात लागलं.

मग शब्द आले. नर्सने सावकाश दहा शब्द वाचले. व्हर्नन अजिबात ऐकत नव्हता. ऐकायची गरजच काय? डोक्यातले शब्द सांडू नयेत म्हणून तो ओठ घट्ट मिटून बसला होता. नंतर नर्सने हवामानाचं विचारलं, आठवड्याचा वार विचारला, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. व्हर्ननने घड्याळ असं काढलं, की त्यात मिनिटांच्या खुणासुद्धा मोजून साठ. आणि मग तो क्षण आला.

"आता मघाशी सांगितलेले शब्द सांगा बघू."

व्हर्नन खुर्चीत ताठ झाला. "सफरचंद, शिडी, टपाल, कोंबडी, साबण, पूल, बूच, घंटा, लोणी, चुलता!" एका दमात. शेवटच्या 'चुलता'वर तर त्याने टेबलावर हातही आपटला.

नर्स कागदाकडे बघत राहिली. "फारच छान, मिस्टर टेश्के. पण यातला एकही शब्द मी सांगितलेला नाही."

कंपनीने शब्द बदलले होते. ज्याच्या भरवशावर राहावं तो ड्वेन दोन वर्षांपूर्वीचा निघाला. व्हर्ननचे कान लाल झाले. एखादा समजूतदार माणूस असता तर म्हणाला असता, बाई, शेजाऱ्याने पढवलं होतं. पण नगरपालिकेच्या निरीक्षकाने लबाडी केली हे कबूल करायचं? त्यापेक्षा विसरभोळा ठरलेला बरा! आणि विसरभोळाही ठरायचं नाही, म्हणून तो उठला.

"डोकं राहू द्या बाजूला. शरीर बघा. चला बाहेर."

"डॅड, नको," मार्लिस म्हणाली.

"मिस्टर टेश्के, त्याचा रकाना नाहीये माझ्याकडे," नर्स म्हणाली.

ऐकतो कोण! व्हर्ननने गराजला शिडी लावली आणि छपरावरचा बर्फ ओढायला वर चढला. नर्स बिचारी मोज्यांवरच दारात उभी राहून "उतरा, उतरा" करत होती. ड्वेन त्याच्या खिडकीतून ओरडला, "शाब्बास, व्हर्न!" व्हर्नन त्याला हात करायला वळला आणि शिडीसकट खाली आला. खाली कमरेएवढा बर्फ साचला होता म्हणून हाडं वाचली. घोटा मात्र मुरगळला. बर्फात रुतून बसल्या जागेवरून तो नर्सला म्हणाला, "बघितलंत? उतरलो की नाही?"

विमा कंपनीचं पत्र आठ दिवसांत आलं. भाषा सभ्य होती. स्मरणशक्तीबाबत शंका आणि नुकतंच पडणं, या दोन कारणांनी आम्ही आपल्याला विमा देऊ शकत नाही, कळावे.

आता सरळ माणूस इथे थांबला असता. पण व्हर्ननने आयुष्यभर लोकांच्या अर्जांवर 'नापास' लिहिलं होतं. आपल्यावर कुणी लिहिलेलं त्याला चालणार नव्हतं. त्याने अपील करायचं ठरवलं, आणि अपिलाला पुरावा म्हणून गावातल्या अकरा लोकांकडून पत्रं लिहून घेतली. व्हर्नन टेश्के धडधाकट आहे, त्याला कुणाच्या मदतीची गरज नाही, असा मजकूर. लोक आनंदाने लिहायला बसले. पाद्रीबुवांनी लिहिलं, 'श्री. टेश्के माणसांची तर सोडाच, देवाचीही मदत घेत नाहीत.' ड्वेनने लिहिलं, 'व्हर्ननला कुणाची गरज नाही हे तो गेली चाळीस वर्षं सांगतो आहे आणि आम्ही ऐकतो आहोत.' किराणावाल्याने लिहिलं, 'पन्नास पौंडांची मिठाची गोणी हा माणूस स्वतः उचलतो.' ती गोणी गाडीत मार्लिस ठेवायची हे किराणावाल्याने पाहिलं होतं, पण जुनं गिऱ्हाईक पडलं!

फक्त लव्हर्नने लिहायला नकार दिला. "मी खोटं लिहीत नाही. हवं तर केक देते," म्हणाली. व्हर्ननने केक घेतला, पण रागाने घेतला.

ही अकरा पत्रं त्याने जुन्या सवयीप्रमाणे तीन प्रतींत पाठवली. एक विमा कंपनीला, एक राज्याच्या विमा आयुक्तांना आणि एक काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, वृद्धसेवा कार्यालयाला. काउंटीचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता. पण माहितीसाठी प्रत पाठवली नाही तर ते पत्र कसलं?

अपील फेटाळलं गेलं. मार्लिस म्हणाली, "डॅड, आपण एखाद्या वकिलाला भेटू या का?" पण तोवर ड्वेनने दुसरा सल्ला दिला होता.

"विमाबिमा गेला खड्ड्यात. घर पोरीला एका डॉलरला विकून टाक. माझ्या मेहुण्याने विकलं. घर तुझं नाहीच, तर सरकार बोजा चढवणार कशावर?"

व्हर्ननला हे पटलं. वकील कशाला? खरेदीखताचा नमुना त्याने स्वतः आणला, स्वतः भरला आणि नोंदणी कार्यालयात नेऊन दिला. तिथल्या मुलीने जमिनीचा नकाशा मागितला. जुना नकाशा चालत नव्हता, म्हणून भूमापक आणावा लागला. भूमापकाने तिपाई लावून इकडून बघितलं, तिकडून बघितलं, आणि मग डोकं खाजवत म्हणाला,

"मिस्टर टेश्के, तुमचं गराज चार इंच शेजारच्या जमिनीत आहे."

गावात भूकंप झाला म्हणा ना! व्हर्नन टेश्केचं गराज! ज्याने अर्ध्या इंचासाठी देवाच्या माणसाच्या पायऱ्या पाडल्या, त्याचं गराज चार इंच! आणि ते मंजूर कोणी केलं? तर त्या वर्षीचे बांधकाम निरीक्षक श्री. व्हर्नन टेश्के यांनी. सही, शिक्का, सगळं जागच्या जागी.

ड्वेनला झालेला आनंद काय वर्णावा! दुसऱ्या दिवशी सकाळी उणे दहा अंशात हा गृहस्थ घडीची खुर्ची आणि कॉफीचा मग घेऊन गराजच्या भिंतीला चिकटून बसलेला.

"काय करतोयस इथे?" व्हर्नन दारातून गरजला.

"माझ्या जागेत बसलोय. आत माझ्या चार इंचांत काय ठेवलंयस तू?"

"बर्फ उडवायचं यंत्र!"

"मग त्याचं चाक माझं. जपून वापर."

तीन आठवडे रोज सकाळी हे चालू होतं. लोक कामावर जाताना गाडी हळू करून हॉर्न वाजवायचे. खरेदीखत अडकलं ते अडकलंच. चार इंचांचा निकाल लागल्याशिवाय नोंदणी नाही, आणि ड्वेन निकाल लागू देईना, कारण त्याला निवृत्तीनंतर पहिल्यांदाच सकाळी उठायला काही कारण मिळालं होतं. व्हर्ननने पडदे ओढून घेतले. शुक्रवारी मासा खायलाही तो गेला नाही. मार्लिस त्याचं ताट घरी घेऊन आली तेव्हा तो म्हणाला, "लोक हसत होते का?" ती म्हणाली, "बटाट्याच्या सॅलडबद्दलच बोलत होते सगळे." हे काही खरं नव्हतं.

शेवटी मार्लिसनेच वकिलाची वेळ घेतली. वकीलबाई मिस फेन्स्के, वय चाळिशीच्या आतबाहेर. व्हर्नन खुर्चीत बसतो न बसतो तोच ती म्हणाली, "तुम्ही मला ओळखलं नसेल. आमच्या घरामागचा लाकडी ओटा तुम्ही नापास केला होतात. मी नऊ वर्षांची होते. बाबा दोन दिवस जेवले नाहीत."

"कठडा कमी होता," व्हर्नन म्हणाला.

"दोन इंच," मिस फेन्स्के म्हणाली. "बसा."

तिने सगळे कागद वाचले. खरेदीखत वाचताना तिने डोळे मिटले. "हे नोंदवलं गेलं नाही ना? देव पावला. घर असं देऊन टाकलं आणि पाच वर्षांच्या आत मेडिकेडची वेळ आली, तर सरकार ते दान धरतं आणि कित्येक महिने मदत देत नाही. तुमच्या शेजाऱ्याच्या चार इंचांनी तुम्हाला वाचवलंय. त्यांना केक पाठवा."

"त्याला?" व्हर्नन उठून उभा राहिला. मार्लिसने त्याला बाहीला धरून बसवलं.

"आता ऐका," मिस फेन्स्के म्हणाली. "एक रस्ता आहे. आईबापांच्या घरात मूल दोन वर्षं राहिलं असेल, आणि त्या मुलाने सांभाळ केला म्हणूनच बापाला शुश्रूषागृहात जावं लागलं नाही असं सिद्ध झालं, तर वेळ आल्यावर ते घर त्या मुलाच्या नावावर करता येतं. दंड नाही, बोजा नाही. काही नाही. मार्लिस, तुम्ही किती वर्षं आहात इथे?"

"दोन वर्षं आणि सात महिने."

"तिला जायला जागा नव्हती," व्हर्नन मध्येच म्हणाला. "मी ठेवून घेतलं."

मिस फेन्स्केने मार्लिसकडे पाहिलं. मार्लिस खिडकीबाहेर पाहत होती.

"पण पुरावा आजपासून करून ठेवावा लागेल. डॉक्टरांचं पत्र आणि काउंटीकडून रीतसर तपासणी. त्यात दिसलं पाहिजे की मुलीशिवाय तुमचं चालत नाही. तुमच्याविरुद्ध असं काही काउंटीकडे नाही ना?"

व्हर्नन कोटाची बटणं लावायला लागला.

"अकरा पत्रं आहेत," मार्लिस हळूच म्हणाली.

"काउंटीकडे?"

"माहितीसाठी प्रत," व्हर्नन म्हणाला.

काउंटीची माणसं मार्चमध्ये तपासणीला आली. माणसं म्हणजे एकच बाई. दारात बूट काढून, जाड मोज्यांवर. नर्स डोलोरेस युर्गेन्स सोमवार-मंगळवार विमा कंपनीचं काम करायची आणि बाकीचे दिवस काउंटीचं. एवढ्याशा काउंटीत दोन नर्स आणायच्या कुठून? तिने व्हर्ननला पाहिलं, व्हर्ननने तिला पाहिलं.

"शिडी कुठे आहे?" तिने पहिलं विचारलं.

"कुलपात," मार्लिस म्हणाली.

"बरं." ती बसली. समोर एक जाडजूड फाइल ठेवली. वरच ती अकरा पत्रं, पाद्रीबुवांच्या सहीची सगळ्यांत वर. "मिस्टर टेश्के, जानेवारीत तुम्ही मला सांगितलंत की सगळं तुम्हीच करता. या अकरा लोकांनी लिहून दिलंय की तुम्हाला कुणाची गरज नाही. आता अर्जात म्हटलंय की मुलीशिवाय तुमचं चालत नाही. मी लिहू काय?"

घरासाठी खोटं बोलायला तो तयार होऊन बसला होता. दोन दिवस आरशासमोर खोकायचा सरावही केला होता. पण खोकला ऐन वेळी येईना.

"ती कॉफी करते," तो शेवटी म्हणाला. "पांचट करते."

"मी मुलीलाच विचारते," नर्स म्हणाली. "बोला. दिवसभरात काय काय करता?"

मार्लिसने एप्रनला हात पुसले. "सकाळी पाचला बर्फ उपसते. दाराजवळचा शेवटचा दोन फूट ठेवते. तो डॅड उठल्यावर उपसतात."

"तो पूर्ण रस्ता मी—" व्हर्नन म्हणाला.

"गोळ्या मी डबीत भरते आणि रात्री मोजते. हे आंघोळीला गेले की मी दाराबाहेर धुण्याची टोपली घेऊन उभी असते. पाणी बंद झाल्याचा आणि पाऊल वाजल्याचा आवाज आला की खाली जाते. गाडीची बॅटरी गेली असं मी यांना सप्टेंबरात सांगितलं. बॅटरी चांगली आहे. दोनदा हे रस्ता चुकले होते. गॅस रोज रात्री खालच्या झडपेपासून बंद करते. मोजे मी यांच्या खणात आधीच उलटून ठेवते, म्हणजे वाकायला कमी लागतं."

"पायमोजे कंपनीच तसे पाठवते," व्हर्नन पुटपुटला.

"इथे येण्याआधी कुठे होता?" नर्सने लिहिता लिहिता विचारलं.

"मॅडिसनला. ग्रंथालयात विभागप्रमुख होते."

"सोडलंत का?"

मार्लिसने वडिलांकडे पाहिलं. "हे लिहायलाच हवं का?"

"दोन वर्षं का राहिलात, हाच तर मुद्दा आहे अर्जाचा."

"लव्हर्नचा फोन आला होता. आई गेल्यावर पाच महिन्यांनी. संध्याकाळी सहाला डॅड पावसात स्लिपर घालून अंगणात उभे होते. अर्धा तास. लव्हर्नने विचारलं, तर म्हणाले, आर्डिस चर्चमधून यायचीय, तिला छत्री नाही." तिने एप्रनचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी एका महिन्यासाठी म्हणून आले. महिन्याने नवरा म्हणाला, आता ये. मी म्हटलं, अजून एक महिना. मग त्याने विचारणं सोडलं. घटस्फोट नंतर झाला, डॅड. इथे राहायला आल्यावर."

व्हर्नन टेबलावरच्या मेणकापडाकडे बघत होता. त्यालाही ती संध्याकाळ आठवत होती, पण त्याच्या आठवणीत तो पन्हाळ तपासायला गेला होता. पन्हाळीचा जोड ढिला होता, पाणी भिंतीवर येत होतं, असं त्याने पुढे किती जणांना सांगितलं असेल! आणि पोरगी बॅगा घेऊन दारात आली तेव्हा त्याने मोठ्या मनाने तिला आत घेतलं होतं. गावभर सांगितलं होतं, ठेवून घेतली. तिने एकदाही, एकाही शुक्रवारी, एकाही माणसापुढे ते खोडलं नव्हतं. त्याला लाज वाटली. एवढी, की गराजच्या चार इंचांची तर काहीच नव्हती.

"मला सांगायचं नाहीस?" त्याचा आवाज नेहमीपेक्षा बारीक आला.

"सांगितलं असतं तर तुम्ही मला परत पाठवलं असतं."

हे खरं होतं. ताबडतोब पाठवलं असतं, बॅग स्वतः उचलून गाडीत ठेवली असती.

नर्सने पेन खाली ठेवलं. "मिस्टर टेश्के, मुलीचं मी लिहिलं. पण तुम्ही स्वतः नाही म्हणालात तर माझ्याकडे तुमचा शब्द आणि ही अकरा पत्रं एका बाजूला, आणि मुलगी एकटी दुसऱ्या बाजूला. तुमच्या तोंडून ऐकायला हवं."

व्हर्ननने फाइल पुढे ओढली. ती पत्रं एकेक करून पाहिली. किराणावाला, पाद्रीबुवा, ड्वेन. मग त्याने गठ्ठा नीट सारखा केला आणि उलटा घालून ठेवला.

"ही पत्रं मी लिहून घेतलीत. सगळी. लोकांनी माझं मन राखलं." त्याने फाइल नर्सकडे परत सरकवली. "तुम्ही लिहा, पोरगी नसती तर मी आजवर त्या शुश्रूषागृहात गेलो असतो. नाहीतर अंगणात. घरासाठी म्हणत नाहीये. म्हणजे घरासाठीही म्हणतोय. पण खरं आहे म्हणून म्हणतोय."

मार्लिस ओव्हनकडे तोंड करून उभी राहिली. तिथे काहीही भाजायला ठेवलेलं नव्हतं.

नर्सने भराभर लिहिलं, पान फाडलं आणि त्याच्यासमोर सरकवलं. "इथे सही. आणि खाली एक रकाना आहे. सही अर्जदाराने स्वतः केली की मदतीने केली. तेवढं मला बघून भरायचंय."

सहीच्या बाबतीत व्हर्नन टेश्केला या काउंटीत तोड नव्हती. एकतीस वर्षांत त्याने हजारो सह्या केल्या होत्या, भिंतीला कागद टेकवून, गुडघ्यावर धरून, वाऱ्यात, शिडीवर. त्याने पेन घेतलं आणि कागदावर टेकवलं. मग उचललं.

"मार्लिस," तो म्हणाला. "जरा इकडे ये. कागद हलतोय, धर बघू."

कागद हलत नव्हता. ती आली, त्याच्या खुर्चीशेजारी उभी राहिली आणि कागदाच्या कोपऱ्यावर तिने बोट ठेवलं. त्याने सही केली. नर्सने 'मदतीने'च्या पुढे खूण केली आणि बूट घालायला दाराकडे गेली.